नमुन्याबरहुकूम वाडगा

गेल्या अंकात सांगलीच्या एका वाचक भगिनींच्या पत्राची पोच देऊन, सविस्तर उत्तर पुढच्या अंकात देऊ असे आम्ही म्हटले होते. हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेतल्या, बिनडोक अनुकरणाविषयीच्या एका वाक्प्रचाराबद्दल ते पत्र होते. ती पोच वाचून इतर वाचकांचीही त्याच विषयाशी निगडित पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयासाठी ठेवले आहे. उत्तरे देणाऱ्या लेखिकेचे हाँगकाँगमध्ये बारा वर्षे वास्तव्य होते.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षापासून हाँगकाँगला एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला आहे. तिमाही अहवाल करताना त्याने आधीच्या अहवालाची मांडणी जशीच्या तशी ठेवली आणि फक्त आकडे बदलले. अहवाल पाहून त्याच्या वरिष्ठ बाई हसत हसत 'जिउ बान जू वून' असे काहीसे म्हणाल्या आणि बाकीचेही हसले. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज उतरलेला होता. ही शिवी आहे, टोमणा आहे की नुसती थट्टा? – एक आई, सांगली

उत्तर : आपल्या जिवाला लागलेला घोर आधी दूर करते : ही शिवी नाही, आणि आपण वर्णन केलेल्या प्रसंगात तो अपमानही नाही. मात्र त्यात टोमणा मुळीच नव्हता असे मला म्हणता येणार नाही, आणि तो कितपत होता हे कळण्यासाठी शब्द एकेक करून पाहावे लागतील.

मुलाने सांगितलेला उच्चार रोमन अक्षरांवरून घेतलेला दिसतो. रोमन लिपीत यातला दुसरा शब्द 'बी'ने आणि पहिला व तिसरा 'झेड'ने लिहितात, त्यामुळे आपण बान, जू असे वाचतो. प्रत्यक्षात कँटोनीजमध्ये ब आणि ज हे उच्चार नाहीतच. त्यांचा तो 'बी' म्हणजे आपला साधा प, आणि 'झेड' म्हणजे आपल्या 'चूल' या शब्दातला, दातांशी जीभ नेऊन म्हटलेला च. हिंदी भाषकाला जो च शिकावा लागतो तो मराठी माणसाच्या तोंडात बाळपणापासून असतो. म्हणून देवनागरीत 'चिउ पान च्यू वून' असे लिहिले तर मूळ उच्चाराच्या पुष्कळ जवळ जाता येते; तिसऱ्या शब्दातला स्वर तेवढा ओठ ऊचे आणि जीभ ईची ठेवून काढायचा. पहिला शब्द मधल्या पट्टीत सपाट ठेवायचा आणि पुढचे तिन्ही खालून वर चढवायचे, आपण 'हो?' असे आश्चर्याने विचारताना चढवतो तसे.

'चिउ' म्हणजे प्रमाणे, बरहुकूम. उजेड पडणे आणि आरशात पाहणे यांसाठीही हाच शब्द आहे. 'पान' म्हणजे नमुना, 'च्यू' म्हणजे शिजवणे आणि 'वून' म्हणजे वाडगा. सगळे मिळून, नमुन्याबरहुकूम वाडगा शिजवणे. वाडगा शिजत नाही, त्यातला पदार्थ शिजतो, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते. आपणही 'ताट वाढ' म्हणतो तेव्हा ताटातले जेवणच वाढायचे असते.

यातला 'पान' हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो लिहिण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. एकीत फळी या अर्थाचे अक्षर वापरतात आणि दुसरीत काम पार पाडणे या अर्थाचे. त्या दुसऱ्या अक्षराचा एरवीचा सूर खालचा आणि सपाट असतो; तोच चढता केला की अर्थ नमुना असा होतो. हा शब्द व्यापाराचा आहे. मालाचा नमुना, कापडाचा नमुना, शिंप्याने आधी शिवून दाखवायचा नमुन्याचा सदरा, या सगळ्यांना हाच शब्द. 1960 आणि 1970 च्या दशकांत कपड्यांची निर्यात हा हाँगकाँगचा सर्वांत मोठा उद्योग होता, आणि प्रत्येक मोठ्या कारखान्यात 'पान फाँग', म्हणजे नमुन्यांची खोली, असे. परदेशी गिऱ्हाईक त्या खोलीतला एक सदरा पसंत करी आणि मग तसेच हजारो सदरे शिवले जात. तिथे एका टाक्याचाही फरक पडला तर माल परत येई. शॅम शुई पो भागातल्या की लुंग रस्त्यावर आजही कापडाच्या दुकानांबाहेर हातरुमालाएवढे तुकडे पत्त्यांच्या पिसाऱ्यासारखे टांगलेले दिसतात, आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांकाची चिठ्ठी टाचलेली असते. गिऱ्हाईक तुकडा चिमटीत धरून चुरगळून पाहते, क्रमांक सांगते आणि तेवढ्यावर व्यवहार होतो. ज्या शहराचे पोट अचूक नमुनेबरहुकूम कामावर भरले, त्या शहरात हा शब्द नुसता हेटाळणीचा कसा असेल?

वाडग्याची बाजू मी स्वतः अनुभवली आहे. त्याच भागातल्या एका लहान खानावळीत भाषा न येण्याच्या पहिल्या दिवसांत मी शेजारच्या मेजावरच्या आजीबाईंच्या वाडग्याकडे बोट दाखवले होते. वर कांद्याची पात, खाली शेवया, मधे कोळंबीच्या चार पुरचुंड्या. वाढप्याने मान डोलावली आणि आतल्या बाजूला तोंड करून हेच चार शब्द ओरडून सांगितले. पाच मिनिटांत तसाच वाडगा माझ्यापुढे आला, कांद्याची पातसुद्धा डाव्या कडेला. त्या क्षणी या शब्दांत उणेपणाची छटाही नव्हती; 'त्यांना दिलेस तसेच यांनाही दे' एवढाच निरोप होता.

उणेपणा येतो तो जिथे स्वतःचे डोके लावायला हवे होते तिथे कोणी तसेच केले म्हणजे. एका वाहिनीची मालिका गाजली म्हणून दुसरीने तीच कथा नावे बदलून काढली, किंवा एका शहराची योजना दुसऱ्या शहराने रस्त्यांच्या रुंदीचाही विचार न करता उचलली, तर वर्तमानपत्रे हाच वाक्प्रचार वापरतात आणि तेव्हा तो चांगलाच झोंबतो. आणि इथे एक बारकावा आहे. नक्कल फसली, असे हे शब्द म्हणत नाहीत. वाडगा नमुन्यासारखाच उतरलेला असतो, आणि तक्रारही नेमकी तीच असते.

आपल्या मुलाच्या अहवालात आकडे बरोबर होते, मांडणीही चुकलेली नव्हती. वरिष्ठ बाईंना कदाचित एवढेच सुचवायचे असावे की दीड वर्ष काम केलेल्या माणसाकडून त्यांना आता थोडी अधिक अपेक्षा आहे. त्याने पुढच्या वेळी मांडणीत एखादी स्वतःची सुधारणा करावी आणि अहवाल देताना हसून सांगावे की या खेपेस मीठ मी चाखून घातले आहे. कँटोनीज माणसाला स्वयंपाकघरातली भाषा लगेच कळते.

प्रश्न : मी पुण्यात चिनी प्रमाणभाषा, म्हणजे मँडरिन, शिकतो. आमच्या शब्दकोशात अशा अनुकरणासाठी 'नमुना पाहून भोपळा (म्हणजे भोपळ्याचे चित्र) काढणे' असा वाक्प्रचार दिलेला आहे. तो आणि कँटोनीज वाक्प्रचार एकच समजावेत का? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अर्थाने ते सख्खे शेजारी आहेत, पण त्यांची घरे निराळी आहेत. भोपळ्याचा वाक्प्रचार दरबारातून आलेला आहे. सुंग घराण्याचा पहिला सम्राट थाय-त्सू याने 960 ते 976 या काळात राज्य केले. त्याच्या पदरी थाव कू नावाचा विद्वान राजाज्ञांचे मसुदे लिहिण्याच्या कामावर होता. पुष्कळ वर्षे झाली, आता बढती मिळावी, अशी इच्छा त्याने इतरांकरवी सम्राटाच्या कानांवर घातली. सम्राट हसून म्हणाला की हे लोक जुने मसुदे पुढे ठेवून त्यांत शब्द फिरवतात असे ऐकतो. हे तर नमुना पाहून भोपळा काढणे झाले, यात कष्ट ते कसले? थाव कूने मग कचेरीच्या भिंतीवर एक पद्य लिहिले, आणि वर्षानुवर्षे नमुन्यावरून भोपळेच काढणारा हा पंडित हसण्याजोगाच आहे, असे त्यात स्वतःविषयी म्हटले. सम्राटाला ते रुचले नाही आणि बढती कायमची हुकली. मला या गोष्टीत सम्राटापेक्षा थाव कूची बाजू अधिक पटते, कारण राजाज्ञेचा मसुदा जुन्या वळणाने लिहावा हीच त्या कचेरीची शिस्त होती, आणि त्याने स्वतःच्या बुद्धीने नवी भाषा वापरली असती तर बढतीऐवजी वेगळेच काही पदरी पडले असते.

भोपळा फक्त डोळ्यांनी तपासायचा असतो, वाडगा मात्र कोणाच्या तरी पोटात जायचा असतो, हा दोन्हींतला मला जाणवणारा फरक आहे. कँटोनीज माणूस भोपळाही वापरतो, पण लिहिताना किंवा भाषणात. मासळी बाजारात त्याच्या तोंडी वाडगाच येतो.

आपल्या पाठ्यपुस्तकात च्वांग-त्झ या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथातल्या दोन कथाही असतील. छातीच्या दुखण्यामुळे कपाळाला आठ्या घालणारी सुंदरी शी-शर आणि तिच्या आठ्यांची नक्कल करणारी कुरूप शेजारीण ही एक, आणि हानतान नगरीच्या लोकांची ऐटदार चाल शिकायला गेलेला, ती न साधता स्वतःचीही विसरून रांगत घरी परतलेला तरुण ही दुसरी. या दोन्ही कथा न पेलणाऱ्या अनुकरणाच्या आहेत. वाडग्याचा वाक्प्रचार पेललेल्या अनुकरणाचा आहे. परीक्षेत यांची सरमिसळ करू नका.

आणखी एक खास कँटोनीज वाक्प्रचार मात्र वहीत टिपून ठेवावा : 'एकच पंचांग म्हातारपणापर्यंत वाचणे'. पंचांग दरवर्षी नवे घ्यायचे असते, आणि जो पहिल्याच वर्षीच्या पंचांगावर आयुष्यभर मुहूर्त काढतो त्याच्यासाठी हा शब्द. आपल्याला तो उलगडून सांगावा लागत नाही. या पंचांगाचे जुने नाव 'थुंग श्यू'. पण 'श्यू' म्हणजे पुस्तक आणि 'श्यू' म्हणजे हरणे हे दोन्ही शब्द कानाला एकच वाटतात, म्हणून हाँगकाँगमध्ये त्याला 'थुंग शिंग' म्हणतात, कारण 'शिंग' म्हणजे जिंकणे. वाक्प्रचारात मात्र जुनेच नाव टिकून राहिले आहे. वाडगा दुसऱ्याची नक्कल सांगतो आणि पंचांग स्वतःच्याच जुन्या सवयीची, एवढा फरक.

प्रश्न : आमच्या शाळेत मुले परीक्षेत 'कॉपी' करतात आणि एरवी एकमेकांची नक्कल करून चिडवतात. कँटोनीज मुलांकडे यांना शब्द आहेत का? – एक शिक्षिका, अकोला

उत्तर : परीक्षेतल्या कॉपीला तिथे 'मांजर काढणे' म्हणतात आणि लपवून नेलेल्या चिठ्ठीला 'मांजरकागद'. दुसऱ्याचे पाहून तसेच करणाऱ्या मुलाला बाकीची मुले 'शेपटीमागचा कुत्रा' म्हणून चिडवतात. वाडग्याचा वाक्प्रचार मोठ्यांचा आहे. मुलांच्या तोंडी मी तो क्वचितच ऐकला.

प्रश्न : मी तीस वर्षे चित्रकला शिकवतो. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांकडून मी चांगल्या चित्रांच्या प्रतिकृतीच करून घेतो, आणि त्यावरून नव्या शिक्षकांची बोलणीही खातो. ज्या संस्कृतीने अनुकरणाची अशी चेष्टा केली तिच्याकडे प्रतिकृतीला काही मानाचे स्थान आहे का? – एक चित्रकला शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : आहे, आणि ते फार वरचे आहे. आपले पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण हा वाक्प्रचार पुष्कळदा अशा शिक्षकांवर हत्यारासारखा चालवला जातो आणि तो त्यासाठी नाही.

सहाव्या शतकात शिये ह या समीक्षकाने चित्रकलेची सहा तत्त्वे सांगितली. त्यांतले सहावे तत्त्व जुन्या चित्रांची प्रतिकृती करून ती पुढे पोचवण्याचे आहे. सुलेखनात तर प्रतिकृतीच्या दोन रीती नावानिशी वेगळ्या केलेल्या आहेत. मूळ शेजारी ठेवून, पाहून लिहिणे ही एक, आणि मुळावर पातळ कागद ठेवून रेघ न रेघ उतरवणे ही दुसरी. पहिलीत वळण कळते, दुसरीत जागा कळते, असे जुने जाणकार सांगत. लहान मुलांसाठी लाल छापलेल्या अक्षरांवर काळ्या शाईने कुंचला फिरवण्याच्या वह्या असत. आपल्याकडे पाटीवर गिरवत तसेच ते. 'कित्ता' हा आपला शब्द नेमका याच जागी बसतो, आणि 'कित्ता गिरवणे' यात आपण कोणाला नावे ठेवत नाही.

याहून पुढची गोष्ट आपल्या नव्या सहकाऱ्यांना अवश्य सांगा. चिनी सुलेखनातली सर्वांत मान्यता पावलेली कृती म्हणजे वांग शी-चर याने 353 साली लिहिलेली 'ऑर्किड मंडपा'ची प्रस्तावना. नदीकाठी मित्र जमले होते, मद्याचे प्याले ओढ्यात सोडले होते, कविता झाल्या, आणि त्या कवितांना त्याने तिथेच प्रस्तावना लिहिली. 28 ओळी, 324 अक्षरे. घाईत लिहिल्यामुळे काही शब्द खोडलेले, काही वर गिरवून सुधारलेले. मूळ कागद आज नाही. जे आहे ते थांग घराण्याच्या सम्राटाच्या आज्ञेने सातव्या शतकात केलेल्या प्रतिकृती. फंग छंग-सू याच्या नावावर असलेली प्रत बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे, आणि तिच्यात त्या खाडाखोडीसुद्धा जशाच्या तशा उतरवलेल्या आहेत. कुंचल्याचे केस फाकून रेघ दुभंगली तिथे प्रतीतही ती दुभंगलेली आहे.

आता आपल्या भाषेतली गोष्ट आठवा. जुन्या पोथीची नक्कल करणाऱ्या कारकुनाला पानावर चिरडलेली माशी दिसली आणि त्याने एक माशी मारून आपल्या पानावर त्याच जागी चिकटवली. 'माशीला माशी' हा आपला शब्द बिनडोक नकलेची परमावधी सांगतो. फंग छंग-सूच्या नावावरच्या प्रतीत जे झाले ते वरवर पाहता हेच नव्हे का? तरीही कोणी तिला माशीला माशी म्हणत नाही, कारण ती उतरवणाऱ्याला प्रत्येक खोड काय सांगते ते कळत होते, आणि ती पुसली तर वांग शी-चरचा हात पुसला जाईल हेही कळत होते. त्याच प्रस्तावनेत 'चर' हे एक साधे अक्षर वीस वेळा येते आणि प्रत्येक वेळी त्याचे वळण वेगळे आहे. मूळ लिहिणारा स्वतःचीही पुनरावृत्ती करायला तयार नव्हता, आणि हे आज आपल्याला ठाऊक आहे ते केवळ प्रतिकृती करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणामुळे.

आपण महाराष्ट्रात शिकवता म्हणून हेही लिहिते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लेण्यांत उकाडा, अंधार आणि वटवाघळे असताना ती मुले वर्षामागून वर्षे तिथे बसली. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळ 1885 सालच्या आगीत गेल्या, पण ज्या राहिल्या त्यांच्यामुळे भिंतीवरून नंतर झडून गेलेले काही भाग आजही पाहता येतात. त्या मुलांनी वाडगा नमुन्याबरहुकूमच शिजवला, आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. आपल्या विद्यार्थ्यांकडून प्रतिकृती अवश्य करून घ्या. फक्त प्रत पुरी झाल्यावर प्रत्येकाला विचारा की मूळ चित्रकाराने ही रेघ इथेच का थांबवली असेल. उत्तर चुकले तरी चालेल, प्रश्न पडला पाहिजे.

प्रश्न : आमचे आजोबा पोर्तुगीज अमदानीत मकावला नोकरीला होते. तिथली एक गोष्ट ते सांगत : साहेबाने चिनी शिंप्याला नमुन्यासाठी जुना कोट दिला, तर त्याने नव्या कोटाला जुन्यासारखे ठिगळही लावून दिले. हा वाक्प्रचार अशा गोष्टींतूनच आला का, आणि नक्कल हा त्या लोकांचा स्वभावच आहे असे म्हणता येईल का? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : मकाव 1844 पर्यंत गोव्याच्याच कारभाराखाली होते, त्यामुळे तिकडच्या गोष्टी गोव्याच्या घरांत पोचल्या यात नवल नाही. ठिगळाची गोष्ट मात्र केवळ आपल्या आजोबांची नाही. कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला, गेलेले पाश्चात्त्य लोक ती सर्रास सांगत. वाक्प्रचार त्यातून आलेला नाही. तो स्वयंपाकाचा आहे, आणि तो त्या लोकांनी स्वतःच्या उपयोगासाठी घडवला आहे. परक्यांनी त्यांच्याविषयी सांगितलेल्या गोष्टीशी त्याचा संबंध जोडू नये.

स्वभावाचा प्रश्न विचारलात तर माझे उत्तर ठाम 'नाही' असे आहे. 1757 ते 1842 या काळात पाश्चात्त्य गलबतांचा चीनशी जवळजवळ सगळा व्यापार कँटनच्या एका बंदरातून चाले. युरोपातली घराणी आपल्या कुलचिन्हाचा कागद तिथे पाठवत आणि जिंगदझेनला भाजलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या ताटांवर कँटनचे कारागीर ते चिन्ह रंगवून देत. कधी कधी कागदावर रंग न भरता 'इथे तांबडा', 'इथे निळा' असे शब्दच लिहिलेले असत, आणि ते शब्दच ताटावर रंगवले गेल्याची उदाहरणेही आहेत. यावर युरोपात पुष्कळ हसले गेले. पण क्षणभर त्या कारागिराच्या पाटाशी बसून पाहा. पुढे एक कागद आहे, त्यावरची लिपी त्याला येत नाही, तो पाठवणारा माणूस सहा महिन्यांच्या सागरी प्रवासापलीकडे आहे, आणि एक रेघ जरी कमी पडली तरी माल नाकारला जाईल असा दंडक आहे. अशा वेळी जो शब्दांना चिन्ह समजून तंतोतंत उतरवतो तो बिनडोक नसतो. विचार करण्याची मुभा त्याला कोणी दिलेलीच नसते. ठिगळ लावणाऱ्या शिंप्याचेही तेच. त्याच शहरात लाम क्वा नावाच्या चित्रकाराच्या चित्रशाळेत निर्यातीसाठी ठरावीक चित्रांच्या नकला होत, आणि तोच लाम क्वा 1830 च्या दशकात पीटर पार्कर या डॉक्टरांच्या रुग्णालयातले रोगी समोर बसवून त्यांची अशी चित्रे काढत होता की त्या चेहऱ्यांवरची शांती पाहून आजही मन हलते. माणूस तोच, मागणी निराळी.

आपल्या पिढीतले उदाहरणही आपल्याला आठवत असेल. हाँगकाँगमधल्या लहान, विनापरवाना कारखान्यांना कँटोनीजमध्ये 'डोंगरी तळ' म्हणत. बंडखोरांचे ठाणे असा मूळ अर्थ. तोच शब्द पुढे हाँगकाँगशेजारच्या शेनझेन शहरातल्या हुआचियांगपै बाजारात तयार होणाऱ्या नकली मोबाइल फोनांना चिकटला. नामवंत फोनांसारखे दिसणारे ते फोन 'चायना मोबाइल' या नावाने महाराष्ट्र आणि गोव्याच्या गावागावांत आले. दोन सिमकार्डे, जत्रेत ऐकू जाईल असा आवाज आणि दिवस दिवस टिकणारी बॅटरी हे सारे त्यांत होते, आणि नामवंत कंपन्यांच्या स्वस्त फोनांत तेव्हा ते क्वचितच मिळे. 1 डिसेंबर 2009 पासून ओळखक्रमांक नसलेले फोन आपल्याकडे बंद पाडण्यात आले, आणि ते योग्यच होते. पण बाहेरचे रूप चोरणाऱ्या त्या कारागिरांनी गिऱ्हाइकाला काय हवे ते स्वतः ओळखले होते, हेही खरे. कँटोनीज माणूस अशा फोनाला 'डोंगरी तळा'चा म्हणेल. त्याला वाडग्याचा वाक्प्रचार लावताना मात्र तो अडखळेल, कारण यात नमुन्याबाहेरचे पुष्कळ शिजलेले होते.

प्रश्न : मी हाँगकाँगच्या बातम्या आणि मुलाखतींचा इंग्रजीमार्गे मराठी अनुवाद करते. हा वाक्प्रचार आला की इंग्रजीत कधी एक, कधी दुसराच शब्द दिसतो. मराठीत एकच प्रतिशब्द ठरवता येईल का? – एक अनुवादक, मुंबई

उत्तर : एकच ठरवू नका, असा माझा आग्रह आहे. मला वेळोवेळी भेटलेले तीन प्रसंग सांगते, त्यांवरून आपल्याला अंदाज येईल.

फुटबॉलच्या समालोचनात, उजव्या कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर डोक्याने गोल झाला आणि दहा मिनिटांनी त्याच कोपऱ्यातून, त्याच खेळाडूने तसाच दुसरा गोल केला, तेव्हा समालोचक आनंदाने हे चार शब्द ओरडतो. तिथे 'पुन्हा तस्साच गोल!' एवढे पुरे. नकलेचा उल्लेखही नको.

एका देशाने दुसऱ्याच्या मालावर कर वाढवला आणि दुसऱ्याने लगेच पहिल्याच्या मालावर तितकाच वाढवला, अशा बातमीत त्याचा अर्थ परतफेड असा होतो. 'जशास तसे' हा आपला शब्द तिथे चपखल बसतो, आणि वाडगा सोडून द्यावा लागला तरी हरकत नाही.

तिसरा प्रसंग एका वृद्ध स्वयंपाक्याच्या मुलाखतीतला आहे, आणि तिथे मी स्वतः कितीतरी दिवस अडले होते. त्यांच्या हाताखालच्या मुलाने त्यांची सगळी प्रमाणे तोळ्यामाशासह लिहून घेतली होती आणि रस्सा तंतोतंत त्यांच्यासारखा होई. मुलाखतकाराने कौतुकाने विचारले तेव्हा ते म्हणाले की पोरगा नमुन्याबरहुकूम वाडगा शिजवतो, पण पावसाळ्यात कोळंबीला पाणी सुटते तेव्हाही तो मीठ तेवढेच घालतो. 'नक्कल करतो' असे लिहिले तर पोरगा चोर ठरत होता, 'कित्ता गिरवतो' असे लिहिले तर म्हाताऱ्यांची कुरकुर नाहीशी होत होती. शेवटी मी 'माशीला माशी' लिहिले, ते खोडले, आणि वाडगा तसाच ठेवून वाक्य पुरे केले. पुढचे पावसाळ्याचे आणि मिठाचे वाक्य शेजारीच होते; वाचकांना अर्थ त्यावरून लागला.

आपल्याकडेही मागचेपुढचे वाक्य जवळ असेल तर मूळ वाडगाच ठेवून पाहा.